न बघता सापडणारी बटणं : सिम्युलेटरच्या पेटीच्या नोंदी

८ जून

घरच्या विमान-सिम्युलेटरसाठी बटणांची पेटी स्वतः करायचं काम आज हातात घेतलं. बेळगावात अनगोळच्या घरी सध्या आहे ते एवढंच: साधा डेस्कटॉप, एक्स-प्लेन १२ हा विमान उडवायचा सिम्युलेटर आणि लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो जॉयस्टिक. जॉयस्टिकला १२ बटणं. ब्रेक, ट्रिम (दांडा धरून न ठेवता विमान स्थिर ठेवणारी जुळवणी) आणि बघण्याची दिशा यांतच ती संपतात. बाकी सगळं कीबोर्डवर. बीचक्राफ्ट बॅरन हे दोन इंजिनांचं छोटं विमान घेऊन रात्री सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, उतरताना चाकं, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या खाली येणाऱ्या पट्ट्या), लँडिंग लाइट, इंधनाचे पंप हे सगळं थोड्या वेळात उरकायचं असतं, आणि कीबोर्डच्या सगळ्या कळा बोटाला सारख्याच लागतात. म्हणून नजर धावपट्टीवरून काढून खाली आणावी लागते. परत वर बघेपर्यंत विमान एका बाजूला सरकलेलं असतं. मला हेच थांबवायचं आहे. बटणं किती आहेत यापेक्षा हात न बघता त्यांच्यापर्यंत जातो का, यावर ही पेटी जोखणार.

परदेशी तयार पॅनेलचा विचार सोडला. माल, कुरिअर आणि कस्टम मिळून जॉयस्टिकच्या कितीतरी पट पैसे जातात, आणि वर मांडणी त्यांच्या मनाची.

यादी केली. टॉगल (वर-खाली करायचे स्विच) आठ: बॅटरी, डावा-उजवा अल्टरनेटर, डावा-उजवा इंधन पंप, लँडिंग लाइट, नेव्हिगेशन लाइट, स्ट्रोब (लुकलुकणारा दिवा). चाकांचा एक मोठा टॉगल. फ्लॅपला वर-खाली दाबून सोडला की मधे परत येणारा एक. गोल फिरवायची तीन बटणं, म्हणजे एन्कोडर: हेडिंग (विमानाच्या तोंडाची दिशा), कोर्स (धरायचा मार्ग) आणि अल्टिमीटरचा, म्हणजे उंची दाखवणाऱ्या यंत्राचा, दाब. शिवाय साधी दाबायची सहा.

११ जून

स्विच वाचून संगणकाला सांगणाऱ्या बोर्डाचा प्रश्न. भाच्याकडे कॉलेजच्या प्रोजेक्टचा अर्दुइनो उनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड पडून होता. तो लावून बघितला. विंडोजला तो जॉयस्टिक म्हणून दिसत नाही. उनोवर यूएसबीचं काम वेगळी चिप करते आणि ती संगणकाशी सिरियल पोर्ट म्हणूनच बोलते. तिचं फर्मवेअर (आतला कायमचा प्रोग्रॅम) बदलून मार्ग काढणारे लोक आहेत, पण त्यात शिरण्यात अर्थ नाही. एटीमेगा ३२यू४ चिप असलेला बोर्ड घ्या, म्हणजे लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो. या चिपमध्ये यूएसबी आतच आहे, त्यामुळे ती थेट जॉयस्टिक होऊ शकते. प्रो मायक्रो छोटा आणि स्वस्त, वापरता येण्यासारख्या पिना १८. तो ऑनलाइन मागवला. टॉगल, डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग), वायर हे सगळं बेळगावच्या बाजारात मिळालं.

१५ जून

बोर्ड यायचा होता तोवर पुठ्ठ्याचं पॅनेल केलं. खोक्याचा जाड पुठ्ठा कापून त्यात खरे स्विच खोचले. एकही वायर नाही. मांडीवर ठेवून सिम्युलेटर चालू केला आणि प्रत्यक्ष काम कीबोर्डवर करण्याआधी हात पुठ्ठ्यावर नेत गेलो. पुढं जे काही बरं झालं त्याचं मूळ या पुठ्ठ्यात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आठ टॉगल एका ओळीत लावले होते. दिसायला फार छान. पण हाताला त्यातला पाचवा कुठला ते कळेना. डावीकडून एकेक चाचपत मोजत जावं लागायचं. मग ओळ तोडली. बॅटरी आणि अल्टरनेटर डावीकडे तिघांचा एक गट. बोटभर जागा सोडून पंपांची जोडी. परत जागा सोडून तीन दिवे, तेही बाकीच्यांपेक्षा अर्धा इंच वर. तीनच्या गटात मोजायची गरज पडत नाही. डावा, मधला, उजवा हे बोटाला आपोआप कळतं.

चाकं आणि फ्लॅप शेजारी ठेवले होते, कारण दोन्ही उतरतानाच लागतात. ते दोन टोकांना नेले. यामागं मोठा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराची बी-१७ बॉम्बफेकी विमानं सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसायची. वैमानिक फ्लॅप उचलायला जायचे आणि चाकं उचलायचे. १९४३ च्या सुमारास अल्फॉन्स चपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञानं कॉकपिटमध्ये जाऊन बघितलं, तर दोन्ही स्विच एकसारखे आणि शेजारीशेजारी. त्यानं चाकांच्या स्विचला छोटं रबरी चाक बसवलं आणि फ्लॅपच्या स्विचला पाचरीसारखा तुकडा. आजही प्रवासी विमानात चाकांचा दांडा चाकाच्या आकाराचा आणि फ्लॅपचा पंखाच्या आकाराचा असतो. माझ्या पेटीतही दोन्ही तसेच करायचं ठरवलं.

पुठ्ठ्याला खर्च शून्य. ही पायरी कुणी गाळू नये.

२१ जून

बोर्ड आला. भाच्यानं पहिला प्रोग्रॅम चढवला आणि बोर्ड संगणकाला दिसायचाच बंद झाला. या बोर्डाचे दोन प्रकार येतात, ५ व्होल्ट १६ मेगाहर्ट्झ आणि ३.३ व्होल्ट ८ मेगाहर्ट्झ. आमचा पहिला, निवडलेला दुसरा. घड्याळाचा वेग चुकीचा धरला की यूएसबी बोलत नाही. बोर्ड मेलेला नसतो. आरएसटी (रीसेट) आणि ग्राउंड या पिना वायरच्या तुकड्यानं पटकन दोनदा टेकवायच्या. सुमारे ८ सेकंद बूटलोडर (नवा प्रोग्रॅम आत घेणारा भाग) जागा राहतो, तेवढ्यात बरोबर प्रकार निवडून प्रोग्रॅम चढवायचा. चढवण्याचं बटण आधी दाबून ठेवलं आणि कंपाइल संपता संपता पिना टेकवल्या की वेळ साधते. आमची संध्याकाळ यात गेली.

लायब्ररी, म्हणजे आयता मिळणारा प्रोग्रॅमचा भाग, मॅथ्यू हायरोनिमस यांची जॉयस्टिक लायब्ररी. काही न सांगता ती ३२ बटणं देते, जास्त हवी असतील तर सुरुवातीलाच आकडा द्यायचा. मला ३५ लागतात (का ते पुढं येईल), मी ४० मागितली. विंडोजच्या गेम कंट्रोलरच्या खिडकीत मात्र पहिली ३२ च दिसतात. तेहतिसावं बटण तिथं पेटलं नाही म्हणून वायर उकलत बसू नका. एक्स-प्लेनच्या जॉयस्टिकच्या पानावर ते दिसतं.

२६ जून

मॅट्रिक्सची जोडणी, म्हणजे स्विच ओळी आणि स्तंभांच्या जाळीत बसवायचे आणि प्रत्येक ओळीला नि स्तंभाला एकच पिन द्यायची. मोजले तर संपर्क २०: टॉगल ८, चाकं १, फ्लॅपचे २, एन्कोडर दाबल्यावरचे ३, साधी बटणं ६. चार ओळी, पाच स्तंभ. नऊ पिनांत वीसही संपर्क बसले. तीन एन्कोडरना सहा. तीन पिना शिल्लक.

डायोड टाळायचा मोह इथं होतो, कारण नुसत्या बटणांची पेटी कधीकधी डायोडशिवाय चालून जाते. तीन बटणं एकाच वेळी कोण दाबतो? पण टॉगल चालू केला की चालूच राहतो. बॅटरी, पंप, दिवे असे तीन टॉगल मॅट्रिक्सच्या चौकोनाचे तीन कोपरे झाले, की चौथा कोपरा न दाबता दाबलेला दिसतो. पुठ्ठ्यावर डायोडशिवाय जोडून खात्री केली: नेव्हिगेशन लाइट लावला आणि फ्लॅप खाली आले. प्रत्येक स्विचला एक १एन४१४८ जातीचा डायोड लावा. माझ्या प्रोग्रॅममध्ये स्तंभ रोधानं (रेझिस्टरनं) ५ व्होल्टकडे वर ओढलेले आणि वाचायची ओळ शून्याकडे खाली खेचलेली असते, म्हणून डायोडची काळी पट्टी ओळीच्या बाजूला. एक उलटा लागला तर तेवढा एकच स्विच मुका राहतो, त्यामुळे शोधायला सोपं.

३ जुलै

टॉगलची अडचण. एक्स-प्लेनला बटण दाबलं-सोडलं एवढंच कळतं. टॉगल वर करून ठेवला की त्याच्या मते कुणीतरी बटण दाबूनच धरलं आहे, आणि खाली केला तर काहीच घडत नाही. उपाय: एका टॉगलची दोन बटणं करायची. वर करताना एका बटणाचा छोटा ठोका, खाली करताना दुसऱ्याचा. पहिल्याला ‘लँडिंग लाइट चालू’, दुसऱ्याला ‘लँडिंग लाइट बंद’. नऊ टॉगलची १८, फ्लॅपची २, एन्कोडर फिरवण्याची ६, दाबण्याची ३, साधी ६. पस्तीस झाली ती अशी.

‘चालूचं बंद, बंदचं चालू’ अशी एकच आज्ञा लावायची सोपी वाट आहे, पण ती घेऊ नका. एखादा ठोका हुकला की त्या उड्डाणात टॉगल वर म्हणजे दिवा बंद असं उलटं होऊन बसतं, आणि मग हाताला जे लागतं त्यावर विश्वास राहत नाही.

सिम्युलेटर सुरू होताना टॉगल कसेही असू शकतात. म्हणून सहा साध्या बटणांतलं एक ‘जुळवा’ म्हणून ठेवलं. ते दाबलं की पेटी सगळ्या टॉगलची स्थिती एकापाठोपाठ सांगते, सेकंदाभरात काम होतं. यातून चाकांचा टॉगल मुद्दाम वगळला. विमान जमिनीवर उभं असताना तो चुकून वर राहिलेला असेल, तर ‘चाकं उचला’ ही आज्ञा पेटीनं स्वतःहून देता कामा नये. ती हातानंच जावी.

९ ते १७ जुलै

एन्कोडर. सगळ्या कामात जास्तीत जास्त वेळ यानं खाल्ला, म्हणून या दिवसांची नोंद एकत्र.

पहिली तक्रार: दोन खटके फिरवावे तेव्हा हेडिंग एक अंश हलायचं. भाचा म्हणाला, “मामा, ह्यो एन्कोडर खराब लागलाय बघ.” तिन्ही तसेच वागत होते, तेव्हा खराब असण्याची शक्यता कमी. ईसी११ नावानं विकल्या जाणाऱ्या एन्कोडरमध्ये दोन जाती आहेत. एकात फेरीला २० खटके आणि २० पल्स. म्हणजे प्रत्येक खटक्याला दोन तारांच्या स्थितीत चार बदल. दुसऱ्यात ३० खटके आणि १५ पल्स; खटक्याला दोनच बदल. मिळालेला प्रोग्रॅम चार बदल मोजायचा, आमचे एन्कोडर दुसऱ्या जातीचे. मोजणी दोनवर आणली, प्रश्न मिटला. विकत घेतल्यावर फेरीला खटके किती ते बोटानं मोजा, तिथंच जात कळते.

दुसरी तक्रार: हळू फिरवलं की बरोबर, जरा जोरात फिरवलं की खटके गळायचे, कधी उलट्या दिशेला जायचे. कारण प्रोग्रॅममध्ये ठोका देताना ‘थांब’ म्हणणारी आज्ञा होती. बोर्ड असा थांबला की तेवढ्यात एन्कोडरच्या तारा दोन-तीनदा बदलून गेलेल्या असतात. ‘डिले’ हा शब्द प्रोग्रॅममधून पूर्ण काढला. ‘मिलिस’ (बोर्ड सुरू झाल्यापासून गेलेले मिलिसेकंद) वापरून वेळ बघायची, ठोका संपायची वेळ झाली तर बटण सोडायचं, नाहीतर पुढं जायचं. बोर्ड सतत फिरत राहतो आणि एन्कोडर वाचत राहतो. इंटरप्टची, म्हणजे पिन बदलताच चालू काम थांबवून तिकडं बघण्याच्या सोयीची, गरज पडली नाही. या बोर्डावर त्या पिना पाचच आहेत, आणि तीन एन्कोडरना सहा लागतात.

तिसरी तक्रार सापडायला कठीण गेली. विंडोजच्या खिडकीत सगळे ठोके दिसत, एक्स-प्लेनमध्ये मात्र काही गायब. त्यातही ढगाळ हवा लावली की जास्त. तिथं धागा मिळाला. ढग लावले की माझ्या संगणकावर सेकंदाला तीसेक चित्रं निघतात, म्हणजे एका चित्राला साधारण ३३ मिलिसेकंद. आमचा ठोका २० मिलिसेकंदांचा. दोन चित्रांच्या मधे बटण दाबून सुटलं तर सिम्युलेटरला ते कधी दिसतच नाही. ठोका ५० मिलिसेकंद आणि पुढच्या ठोक्याआधी ५० मोकळे असं केलं. एकही गळत नाही आता.

पण त्यातून चौथी निघाली. असे ठोके सेकंदाला दहाच जातात. हात सेकंदाला वीस खटके सहज फिरवतो. उरलेले रांगेत थांबतात, आणि हात थांबल्यावरही हेडिंगचा बाण आपला पुढं सरकतच राहतो. धुक्यात वळताना हे फार वाईट. रांगेत जास्तीत जास्त चार ठोके ठेवले, त्यावरचे टाकून दिले. आणि हेडिंगचा एन्कोडर दाबला की बाण विमानाच्या सध्याच्या दिशेवर यावा ही आज्ञा लावली. आता शंभर अंश फिरवत बसायचं काम नाही. दाबून बाण जवळ आणायचा आणि थोडं फिरवायचं. खरं तर गोल बटण जोरात फिरवायची सवयच सुटली, आणि ते चांगलं झालं.

२० जुलै

पाऊस चार दिवस थांबलेला नाही. लाइट जाऊन आली, किंवा पंख्याचा रेग्युलेटर फिरवला, की पेटीतलं एखादं बटण आपोआप दाबलं जायचं. तेव्हा बोर्ड टेबलाखाली होता आणि पॅनेलपर्यंत मीटरभर वायरी गेल्या होत्या. लांब वायर अँटेनाचं काम करते, आणि चिपच्या आतला वर ओढणारा रोध २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे ढिला. बोर्ड पेटीच्या आत आणला, वायरी वीतभर केल्या, पाचही स्तंभांना बाहेरून १० किलोओहमचे रोध लावले. तेव्हापासून भूत दिसलं नाही. हे रोध पैशा-दोन पैशाचे आहेत, पहिल्याच दिवशी लावून टाकावेत.

बोर्डाचं मायक्रो यूएसबीचं तोंड याच हलवाहलवीत उखडून आलं. ते नुसतं वरून चिकटवलेलं असतं, आणि उखडताना खालचा तांबा सोबत नेतं. दुसरा बोर्ड घ्यावा लागला. आता केबल पेटीच्या आत क्लॅम्पनं आवळली आहे, ओढ क्लॅम्पवर जाते. टाइप-सी तोंडाचा बोर्ड मिळाला तर घ्या, पण त्याला साधी ए ते सी केबल वापरा. काही स्वस्त बोर्डांवर दोन छोटे रोध गाळलेले असतात आणि सी ते सी केबलवर ते जागेच होत नाहीत.

२७ जुलै

पॅनेल. साइनबोर्डवाल्याकडून ३ मिलिमीटर एसीपी शीटचा (पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेल्या फलकाचा) उरलेला तुकडा आणला. कापायला सोपा, कडक, दिसायला नेटका. दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियम असतं हे लक्षात ठेवा. मागच्या बाजूला उघडं सोल्डरिंग टेकलं तर शॉर्ट. प्रत्येक जोडावर श्रिंक ट्यूब घातली. भोकं: छोट्या टॉगलला ६, एन्कोडरला ७, चाकांच्या मोठ्या टॉगलला १२ मिलिमीटर. सेंटर पंच मारून आधी ३ चं भोक, मग स्टेप ड्रिल. साधं ड्रिल बिट एसीपीत अडकतं आणि वरचा पत्रा उचलतं.

२ ऑगस्ट

मूठ आणि आकार. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या ज्या वर्कशॉपमध्ये काम करतो तिथल्या लेथवरच्या अण्णांना चाकाचं रेखाटन दाखवलं. अण्णा गोकाककडचे, घरात कन्नड, आमच्याशी मराठी. वर्निअरनं टॉगलची दांडी मोजून म्हणाले, “ह्ये विमानाचं चाक, आणि बसणार बटणावर? करून देतो की.” जेवणाच्या सुट्टीत नायलॉनच्या रॉडमधून ३० मिलिमीटर व्यासाचं चाक काढून दिलं, कडेला खोबणीसुद्धा. एक पैसा घेतला नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या हत्तरगीला खऱ्या विमानांचे भाग बनतात, इकडं उद्यमबागेत क्रँकशाफ्ट आणि हायड्रॉलिक्स. असा हात असलेली माणसं गल्लोगल्ली आहेत या भागात. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर विचारायला लाजू नका.

चाक इपॉक्सीनं चिकटवलं, ते महिनाही टिकणार नव्हतं. दोन दिवसांतच फिरून हातात आलं. नायलॉनला इपॉक्सी धरत नाही. अण्णांनीच आडवं भोक पाडून एम३ चा टॅप मारून आटे पाडले आणि ग्रब स्क्रूनं (बिनडोक्याच्या स्क्रूनं) आवळून दिलं. फ्लॅपला अ‍ॅल्युमिनियम पट्टीचा पाचरीसारखा तुकडा, तोही तसाच. इंधन पंपांच्या दांड्यांवर श्रिंक ट्यूब चढवली, दिव्यांच्या नुसत्या ठेवल्या.

१० ऑगस्ट

रात्रीची चाचणी. खोलीत अंधार, फक्त पडदा. सांबऱ्याची धावपट्टी ०८-२६ (दोन टोकांच्या दिशांचे आकडे), लांबी २,३०० मीटर, उंची सुमारे २,५०० फूट. भाचा शेजारी बसून एकेक नाव घेत होता आणि मी पडद्यावरून नजर न हलवता हात नेत होतो. चाकं, फ्लॅप, पंप, दिवे: एकदाही हात चुकला नाही. चाकाच्या मुठीला बोट लागलं की दुसरा विचारच येत नाही.

चुकले ते कोर्स आणि दाबाचे एन्कोडर. दोघांनाही सारखीच गुळगुळीत टोपी. कोर्स समजून दाब फिरवला गेला, आणि हा गोंधळ साधा नाही. समजा पावसाळी हवेत दाब १००५ हेक्टोपास्कल आहे आणि अल्टिमीटर १०१३ वर राहिला. एका हेक्टोपास्कलला जवळपास २८ फूट धरले, तर आपण आहोत त्यापेक्षा सव्वादोनशे फूट वर आहोत असं तो दाखवतो. रात्री उतरताना एवढा फरक म्हणजे धावपट्टीच्या अलीकडचं शेत. दाबाच्या टोपीवर तिथल्या तिथं रबर बँड गुंडाळला. लगेच फरक पडला.

१६ ऑगस्ट

रबर बँड काढून अण्णांकडून खडबडीत नर्लिंग (पकडीसाठी जाळीदार खाचा) केलेली अ‍ॅल्युमिनियमची टोपी बसवली. कोर्सची गुळगुळीतच ठेवली, हेडिंगची दोघांपेक्षा मोठी.

खर्च: दोन बोर्ड १,१६० रुपये, आठ छोटे टॉगल २४०, चाकांचा ७०, फ्लॅपचा ९०, दाबायची बटणं १५०, एन्कोडर १८०, डायोड आणि रोध ५०, एसीपी १५०, वायर-सोल्डर-ट्यूब २२०, केबल १२०. एकूण २,४३०. केबलला पहिल्यापासून क्लॅम्प असता तर त्यातले ५८० वाचले असते. पेटीचं अंग घरातल्या ९ मिलिमीटर प्लायचं.

उरलेल्या तीन पिना अ‍ॅनालॉग ठेवल्या आहेत. थ्रॉटल (इंजिनाचा जोर), प्रोपेलर (पंख्याचा वेग) आणि मिक्स्चर (इंधन-हवेचं प्रमाण) यांचे स्लायडर त्यांवर येतील. त्यांचा पुठ्ठा कापून झाला आहे. मुठी पुन्हा तीन वेगळ्या आकारांच्या.